मूगवड्या आणि मागची काच

आधीच सांगते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढे नाही. जिथे चुकलं असेल तिथे वाचणाऱ्याने समजून घ्यावं, माफ करावं. वाचणारं खरं तर कोणी नाही. मुलाच्या कॉलेजातल्या एका वहीची मागची पानं कोरी राहिली होती, त्यांवर लिहिते आहे. मला बोलायला फार वेळ लागतो. माझं वाक्य तयार होईपर्यंत लोक दुसऱ्या विषयावर गेलेले असतात. वही थांबते.

पिपरी मेघेत आमचं दोन खोल्यांचं घर आहे, वर टिनाचे पत्रे. यांना जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून पुण्याला असतात. मी विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये दोन्ही वेळच्या पोळ्या लाटते. तिथे बाकीच्या बायांच्या गप्पा चालतात, माझे हात चालतात. घरी आले की कुलूप उघडायचं, दिवा लावायचा, रेडिओ लावायचा. कधी कधी रेडिओ बंद केल्यावर लक्षात येतं की आज मेसमध्ये "पीठ संपलं" एवढंच काय ते आपण बोललो.

आंगणात मुलाची गाडी उभी असायची. बुटीबोरीला नोकरी होती तेव्हा त्याने ती जुनी विकत घेतली होती. पुण्याच्या बिल्डिंगमध्ये जागा नाही म्हणून इथेच ठेवली. गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी बसते, म्हणून दर दीड-दोन महिन्यांनी तो यायचा. सकाळी स्टेशनवरून आला की आधी बोनेट उघडायचा, मग चपला काढायचा. मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. गाडीच्या निमित्ताने दोन दिवस राहायचा, मला शेजारी बसवून बाजारात न्यायचा. फोन आला की त्याचा पहिला प्रश्न असायचा, "आई, गाडी कशी हाये?" मी सांगायची, बरी आहे. कव्हर धुतलं, चाकाखाली विटा लावल्या. मग तो विचारायचा, अन् तू?

होळीला आला तेव्हा गाडी सुरूच होईना. मिस्त्रीने काय काय बदललं आणि मोठं बिल दिलं. तो काळे हात साबणाने घासत म्हणाला, "आता बस झालं, आई. आता हिच्यावर एक रुपयाबी लावत नाई. पुढचा खर्च आला का इकून टाकतो."

मला विचारायचं होतं, मंग तू कायच्यासाठी येशीन? मी त्याच्या ताटात वरण वाढलं. "नको वो, बस," तो म्हणाला.

मे महिन्यात मी मूगवड्या घालते. डाळ भिजवून मिरची-लसणासोबत जाडसर वाटायची आणि कापडावर चिमटीने छोट्या छोट्या वड्या तोडायच्या. वांग्यात घातलेल्या वड्या मुलाला फार आवडतात. जूनच्या सुरुवातीला त्याच्या मित्राचं तळेगावला लग्न होतं. आपण दोघं गाडीने जाऊ, असं त्याने फोनवर सांगितलं होतं. वड्या त्याच्यासोबत द्यायच्या, हे माझ्या मनात.

माझ्या गुडघ्यांनी शिडी चढता येत नाही, त्यामुळे टिनावर वाळवण घालणं बंद झालं. मागच्या उन्हाळ्यापासून मी गाडीचं कव्हर काढून तिच्या टपावर जुनं लुगडं अंथरते आणि त्यावर वड्या घालते. आमच्याकडच्या उन्हात गाडीचा टप तव्यासारखा तापतो. दुपारपर्यंत वड्या खडखडीत. हवेने लुगडं उडू नये म्हणून कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवले. तीनच सापडले. चौथ्या कोपऱ्यावर, मागच्या बाजूला, खलबत्त्याचा लोखंडी बत्ता ठेवला.

आत येऊन चहा ठेवला, तेवढ्यात टिनावर धडधड झाली. वानरं. उन्हाळ्यात पाण्यासाठी येतात, त्यांची मला सवय आहे. मी काठी घेऊन बाहेर आले तर एक मोठं वानर टपावर बसून दोन्ही हातांनी वड्या तोंडात कोंबत होतं. मी "हाड" म्हटलं. माझा आवाज किती निघाला असेल, कोणास ठाऊक. त्याने माझ्याकडे पाहिलं, लुगड्याचं टोक धरलं आणि भिंतीवर उडी मारली. लुगडं गेलं, बत्ता घरंगळला, टोकाकडून मागच्या काचेवर पडला.

मला वाटलं होतं, काचेला तडा गेला असेल. पण मागची काच तडकत नाही. तिचा एकदम सगळा चुरा होतो. पोतंभर खडीसाखर ओतावी तसा आवाज झाला आणि काच होती तिथे नुसतं भोक राहिलं. अर्धे तुकडे सीटवर, अर्धे जमिनीवर, आणि त्यांत माझ्या वड्या मिसळलेल्या. निवडता येणं शक्य नव्हतं. वड्यांसकट सगळं सुपात भरून फेकलं.

नंतर कळलं की आधी फोटो काढून ठेवायला पाहिजे होते. कोणाचा विमा पूर्ण असेल तर काचेचे पैसे मिळू शकतात, पण मोडलेलं जसंच्या तसं दाखवावं लागतं. मी तर घाबरून आधी झाडू घेतला. आणि विमा मुलाच्या नावाचा. विचारायला गेले असते तर मेसेज त्याच्याच मोबाईलवर गेला असता.

संध्याकाळी फोन आला. "आई, गाडी कशी हाये?"

"बरी हाये," मी म्हणाले.

भोकावर प्लास्टिक लावलं. चिकटपट्टी गाडीच्या रंगावरच डकवली, तीही चूक. उन्हाने ती रंगासकट निघून आली, तो डाग शेवटपर्यंत राहिला. पट्टी काचेच्या रबराला नाहीतर आतल्या बाजूने लावावी.

वर्ध्यात एका दुकानात जाऊन विचारलं. काउंटरवरच्या माणसाने भाव सांगितला आणि कंपनीची काच नागपूरहून येईल, पंधरा दिवस धरून चाला, असं म्हणाला. लग्न त्याआधी होतं. मी "बरं" म्हणून बाहेर आले. भाव ऐकून पायांत चपला घालायच्याच राहिल्या होत्या, त्या घ्यायला परत जावं लागलं.

आमच्या समोरच्या घरी ताई राहतात. त्या आमच्या बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांचे यजमान ऑटो चालवतात. मी त्यांना भाऊजी म्हणते. आंगणातली गाडी त्यांच्या दारातून दिसते, त्यामुळे त्यांच्यापासून काही लपलेलं नव्हतं. भाऊजी म्हणाले, जामच्या चौकात हायवेला एक काचवाला आहे. ट्रकच्या, कारच्या काचा बसवतो, जुन्या गाड्यांमधून निघालेल्या चांगल्या काचाही ठेवतो. स्वस्त पडेल. पण तेवढे पैसेही माझ्याजवळ नव्हते.

"गटातून घे ना," ताई म्हणाल्या. "इतक्या वर्साची मेंबर हायेस, कधी घेतलं का तू कर्ज?"

घेतलं नव्हतं, त्याला कारण होतं. आमच्या गटाचा नियम आहे की ज्या बाईला कर्ज पाहिजे तिने बैठकीत उभं राहून कशासाठी पाहिजे ते सगळ्यांसमोर सांगायचं. मग बाया हात वर करतात. हप्ताही स्वतःच्या हाताने आणून द्यायचा, दुसऱ्याजवळ पाठवायचा नाही. मी इतकी वर्षं बचत द्यायची, "हजर" म्हणायची आणि भिंतीला टेकून बसायची.

त्या महिन्याच्या बैठकीत मी उभी राहिले. ताईंच्या ओसरीवर सतरंजी टाकलेली होती. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"गाडीची काच बसवाची हाये," मी म्हणाले.

"कायची?"

"गाडीची. मागची काच."

हशा पिकला. "अवं माय! आमच्या घरी धड सायकल नाई, अन् हे बाई गाडीची काच मांगून राह्यली!" माझ्या बाजूला बसलेली म्हातारी म्हणाली. तिचं तोंड सगळ्या गटात फटकळ. "तुले गाडी येते का चालवता?"

"नाई."

"मंग काय तिच्यात बसून वड्या खातं का?"

"वड्या वानरानं खाल्ल्या," ताई म्हणाल्या आणि पुन्हा हशा. मग त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "हसनं पुरे करा. पण बाई, खरं कारण सांग लागते. आपला नियम हाये. शेळी घेतो, मशीन घेतो, पोराची फी भरतो, समजते. ज्याचा पोरगा, ज्याची गाडी, तोच काऊन नाई बसवत काच?"

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होते. बसून जावं, असं वाटत होतं. पण बसले असते तर काच राहिली असती.

"खर्च आला तर तो गाडी इकते म्हणते," मी म्हणाले. "गाडी हाये म्हणून तो येते."

मला वाटलं, पुन्हा हसतील. कोणी हसलं नाही. म्हातारीचा मुलगा सुरतेला आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिने नाक शिंकरलं आणि हात वर केला. "द्या व तिले," ती म्हणाली. "पायता काय तोंडाकडं, करा हात वर."

काचवाल्याला भाऊजींनी फोन लावून दिला. त्याने पहिला प्रश्न विचारला की गाडी कोणत्या सालची. एकाच नावाची गाडी असली तरी मधल्या एखाद्या साली काचेचा आकार बदललेला असतो. गाडीच्या कप्प्यातला कागद काढून मी साल वाचून दाखवलं. मग तो म्हणाला, "मावशी, काच रेघावाली होती का साधी?"

रेघा होत्या. आडव्या, तांबूस, केसासारख्या बारीक. मी काच पुसताना इतक्या वेळा त्यांवरून हात फिरवला होता, पण त्या शोभेच्या असतील असंच मला वाटत होतं. "होत्या वाटते," मी म्हणाले.

"मंग नागपूरहून मांगवा लागन. साधी पायजे असन तर परवा घेऊन येतो. फिट तेवढीच बसते. आपल्याकडं रेघायचं काय काम हाये!"

काय काम असतं, हे मी विचारायला पाहिजे होतं. तो घाईत होता आणि मला फोनवर माणसाला थांबवता येत नाही. "साधी आना," मी म्हणाले.

तो आला. मालवाहू ऑटोत वाकळेत गुंडाळलेली काच उभी बांधून आणली होती. आडवी ठेवली तर रस्त्यात धक्क्याने फुटते, म्हणाला. वानराची गोष्ट भाऊजींनी त्याला आधीच सांगितली होती. "मावशी, बिल कोनाच्या नावानं फाडू? वानराच्या?" तो म्हणाला. मी हसले. आमच्या आंगणात बऱ्याच दिवसांनी कोणी थट्टा केली.

काम मात्र त्याने मन लावून केलं. जुना काळा डिंक सुरीने खरवडला. त्याखाली पत्र्याला एका जागी गंज दिसला, तो घासून त्यावर काळं औषध लावलं. गंजावर काच चिकटवली तर ती पकडत नाही आणि पाणी आत येतं. दोन्ही बाजूंनी वायरीची टोकं लोंबत होती, ती त्याने टेप गुंडाळून आत खोचली.  मग नळीतून काळा डिंक कडेने सगळीकडे सारखा ओढला आणि काच दाबून बसवली.

जाताना म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत गाडी हलवू नका. धुवू नका. दार आदळू नका, आतली हवा काचेले बाहेर ढकलते. एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवजा. अन् परवा तांब्यानं पानी टाकून आतून कोरडा हात फिरवून पायजा."

दार आदळायला घरात होतं कोण! तरी ती दुपार मी आंगणात स्टूल टाकून बसले.

काचेचे बारीक कण झाडूने निघत नाहीत. सीटच्या शिवणीत, मागच्या जास्तीच्या चाकाच्या खोलगटात, बेल्टच्या फटीत ते राहतातच. मी मेसमध्ये करते तसा कणकेचा मऊ गोळा मळला आणि तो सीटभर दाबत फिरवला. गोळा उन्हाला धरला की कण चमकायचे. किती गोळे झाले ते मोजले नाहीत. जमिनीत पुरून टाकले, गाईने खाऊ नये म्हणून.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मुलगा आला. अंधार पडला होता. गाडी सुरू करून पाहिली, पहिल्याच फटक्यात झाली. "वा! चकाचक ठेवली, आई," तो म्हणाला. मी पोळ्या टाकायला आत गेले.

सकाळी लवकर निघालो. रात्री शिडकावा झाल्यामुळे हवा दमट होती. त्याने एसी लावला आणि आर्वीच्या अलीकडे मागची काच वाफेने पांढरी झाली. त्याने आरशात पाहिलं, समोरचं एक बटन दाबलं. थोडं पुढे जाऊन पुन्हा आरशात पाहिलं, पुन्हा दाबलं.

"हे काऊन साफ नाई होऊन राह्यलं?" तो स्वतःशीच म्हणाला. मग गाडी बाजूला घेऊन उतरला, मागे गेला, काचेवरून बोट फिरवलं. मी पुढे बसूनच होते. त्याचं बोट काचेवर वाजलेलं मला ऐकू आलं. तेव्हा मला कळलं की त्या रेघा शोभेच्या नव्हत्या. त्या गरम होऊन वाफ घालवतात.

तो येऊन बसला. गाडी सुरू केली नाही.

"आई, हे काच आपली नाई. हिच्यावर रेघाच नाई."

मी हातातल्या आहेराच्या पिशवीकडे पाहत होते.

"फुटली होती? कोनी फोडली?"

"वानरानं."

"अन् बसवली कोनं? पैसे?"

"गटातून घेतले."

"कर्ज काहाडलं? काचीसाठी?" त्याचा आवाज चढला. "काऊन नाई सांगतलं मले? मी फोनवर इचारतो ना रोज, गाडी कशी हाये म्हनून!"

"तेच तं इचारतं तू," मी म्हणाले.

हे मी कसं बोलले, मला माहीत नाही. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर पाहत राहिला. एक एसटी आम्हाला ओलांडून गेली.

"गटात सांग लागते, कायले पायजे पैसे म्हनून," मी म्हणाले. "सगळ्या बायाइले सांगतलं मी. तुले कसं सांगू?"

त्याने खिडकीतून हात बाहेर काढून काच पुसायचा रुमाल झटकला, गाडी सुरू केली. तळेगावला आम्ही जेवलो, आहेर दिला, वधूवरांसोबत फोटो काढला. येताना त्याने गाडीत गाणी लावली. पुण्याला जाताना म्हणाला, "कर्जाचे पैसे मी टाकतो तुह्या खात्यात."

"नको. हप्ता मलेच नेऊन द्या लागते."

"दे तूच. पैसे माहे."

"नको," मी म्हणाले. आयुष्यात त्याला मी दोनदा "नको" म्हटल्याचं हेच आठवतं.

गाडी दिवाळीत विकली. मी आधीपासून ओळखून होते. पुलगावचा माणूस पाहायला आला. चाकं, इंजिन पाहिल्यावर मागे गेला आणि काचेवर बोटाने टकटक केली. "काच नवी दिसून राह्यली."

"हो," मुलगा म्हणाला. "आईनं बसवली."

गाडी गल्लीच्या वळणावर गेली तोपर्यंत मला मागची काच दिसत होती. नंतर आंगणात चार विटा उरल्या आणि एक कोरडा चौकोन, जिथे कधी गवत उगवलं नव्हतं. मुलगा म्हणाला, "गाडी नसली तरी मी येत जाईन. नाराज नको होऊ." मी नाराज नव्हते. त्याच्या ताटात वरण वाढलं.

संक्रांतीला तो आला नाही. होळीला एक रात्र राहून गेला. फोन मात्र येतो. गाडी विकल्यावर पहिल्यांदा आला तेव्हा "आई," म्हणून तो अडखळला. सवयीचा प्रश्न त्याच्या तोंडाशी येऊन थांबला असावा. मग म्हणाला, "आई, तू कशी हायेस?"  गाडीचं कसं, काहीही विचारलं तरी सांगायला असायचं. "बरी हाये," मी म्हणाले. आता हळूहळू जास्त सांगायला शिकते आहे. गुडघा दुखतो. मेसमध्ये नवीन तवा आणला.

ज्या काचेचे हप्ते मी भरत होते ती काच पुलगावला कोणाच्या दारात होती. पण महिन्याची बैठक आली की मी साडी बदलून समोर ताईंच्या ओसरीवर जायची. फटकळ म्हातारी माझ्यासाठी भिंतीजवळ जागा धरून ठेवायची. "काय वो गाडीवाली, आनले का काचीचे?" असं ओरडायची. मी पैसे द्यायची. मग तिच्या सुरतेच्या मुलाचं ऐकायची. त्याने फोन केला, नाही केला.

यंदा वड्या खाटेवर घातल्या. म्हातारी काठी घेऊन वानरं हाकायला येऊन बसली आणि वानरांपेक्षा जास्त ओल्या वड्या तिनेच खाल्ल्या.

काल शेवटचा हप्ता होता. मी नोटा ताईंच्या हातात दिल्या. त्यांनी मोजून डब्यात ठेवल्या आणि आमच्या पद्धतीप्रमाणे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाईचे फिटले. पूर्ण."

बायांनी टाळी वाजवली. मी बसायच्या आधी म्हातारीने माझा पदर ओढला. "आता कायच्यासाठी उभी राह्यशीन व?"

मी तिच्या बाजूला बसले. पैसे पूर्ण फिटले होते, म्हातारीने धरलेली जागा मात्र माझीच होती.